माहेरचं जोडकाम

बायको चंद्रभागा गेली त्या सकाळी डॉक्टरांनी दशरथला समोर बसवून नीट समजावलं. "आईच्या पोटात बाळाचं स्वादुपिंड दोन कोंबांतून तयार होतं. पुढचा कोंब आतड्याला वळसा घालून मागच्याला चिकटतो, मग दोघांच्या नळ्या एकमेकींना जोडल्या जातात. काहींच्या त्या जोडल्या जात नाहीत, तरी बहुतेकांचं काही बिघडत नाही. यांच्या स्वादुपिंडाला मात्र त्यामुळेच सूज येत राहिली."

"म्हणजे जोडकाम आईच्या पोटातच अर्धं राहिलं?"

"तसंच म्हणा."

दशरथला हसू फुटलं. लेक चैताली घाबरली. "बाबा, काय होतंय तुम्हाला?"

काही होत नव्हतं. दशरथ प्लंबर होता. अख्ख्या बिबवेवाडीचे नळ त्याने जोडले, पण घरच्या सिंकखालचा गळका पाइप वर्षानुवर्षं तसाच होता, खाली बादली लावलेली. ती उपसताना चंद्रभागा रोज मांजरी गावच्या माहेराचा दाखला द्यायची, "अहो, आमच्याकडे काम अर्धं ठेवायची पद्धत नाही!" यावर त्याला कधीच उत्तर सुचलं नव्हतं.

तेराव्याची माणसं पांगल्यावर तो तिच्या फोटोसमोर उभा राहिला. "काय गं, तुमच्याकडेही नळी जोडायची राहिलीच होती की! आता बोल."

मग आत जाऊन त्याने बादली उपसली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

पाइप अजून जोडायचा आहे.