पत्त्यावरचं स्टिकर

"रॉकेलनं पुसा की मॅडम," महिपत म्हणाला. "डांबर काय, त्याचा बाप निघंल."

समीक्षाने कपाळावर हात मारला. "आणि रंग? तोही निघेल ना! काका, नवीकोरी पांढरी गाडी आहे. उद्या भाऊ हिच्यातून नवरदेव म्हणून जायचाय, आणि ही बघा, खरूज झाल्यासारखी दिसतेय."

पोलादपूरहून महाडला येताना तिने ताज्या डांबरावरून गाडी घातली होती. दोन्ही बाजूंच्या दारांवर खालून काळे ठिपके उडाले होते. महिपतच्या हायवेवरच्या दुकानात सीट कव्हर होती, आरशाला टांगायचे गणपती होते, लिंबाच्या वासाच्या डब्या होत्या. डांबर काढायचं तेवढं काही नव्हतं. वर पंखा क्यांव-क्यांव करत फिरत होता. त्याला तेल घाला, असं सांगून सांगून गिऱ्हाइकं थकली होती.

"हे बघा," तिने मोबाईल पुढे केला. "हे लिक्विड रंगाला धक्का न लावता डांबर काढतं. आणि बनतं कुठे, तर इथं दासगावला! गाडीने पंधरा मिनिटं. पण मिळतं फक्त ऑनलाईन. पार्सल यायला चार दिवस. आहे की नाही अजब कारभार?"

महिपतने फोटो पाहिला आणि सीट कव्हरच्या घातलेल्याच घड्या मोडून पुन्हा घालायला घेतल्या. "आसंल कायतरी," तो पुटपुटला. "मला काय ठावं नाय."

समीक्षा कसली ऐकतेय! तिने तिथला नंबर शोधून फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला.

"हॅलो, आम्रपाली बोलतेय."

समीक्षाने एका दमात सगळं सांगितलं. नवरदेव, डांबर, उद्या सकाळ.

"ताई, आज घरात एकही बाटली नाही हो. नवा माल परवा तयार होईल."

"म्हणून तर म्हणते, दुकानात का ठेवत नाही तुम्ही? पडून राहिलेली एखादी तरी सापडली असती."

"ठेवल्या होत्या, एका दुकानात. बाबा स्वतः खोका घेऊन गेले होते. दहा दिवसांनी मी बघायला गेले, तर उरलेल्या प्रत्येक बाटलीवर किमतीचं स्टिकर. तेही नेमकं माझ्या पत्त्यावर. माझं नाव, बौद्धवाडी, सगळं झाकलेलं."

महिपतची कानशिलं तापली. लोक बाटली फिरवायचे, पत्ता वाचायचे आणि गुपचूप जागेवर ठेवून द्यायचे. म्हणून त्याने स्टिकर लावलं होतं. पोरीचा माल खपावा म्हणूनच की! इतके दिवस तो स्वतःची अशी समजूत घालत आला होता. आज तिच्या तोंडून ऐकताना ती समजूत त्याच्याच गळी उतरेना.

"शी!" समीक्षा म्हणाली. "मग माल तसाच पडून राहिला असेल."

"छे हो, हातोहात खपला. म्हणूनच पुन्हा दिला नाही. ऑनलाईन मी पत्ता सगळ्यात वर टाकलाय. ज्याला नको, तो घेत नाही. मला त्याचं तोंड बघावं लागत नाही."

"कोण हो हा महाभाग? नाव सांगा बरं. इथले काका ओळखत असतील, त्यांनाच विचारते."

महिपतच्या हातातलं कव्हर खाली पडलं. ते उचलायचं भानही त्याला राहिलं नाही.

"नको ताई. बाबांचे मित्र आहेत ते. बावीस वर्षं एका कंपनीत होते दोघं. बाबांच्या डब्यातली सुकटीची चटणी त्यांना फार आवडायची. नाव नाही घेणार मी."

फोन बंद झाला. चारचौघांत कुणी थोबाडीत मारली असती, तर महिपतला एवढी लाज वाटली नसती. आतल्या कपाटात एक बाटली होती. स्वतःच्या जीपसाठी त्याने ठेवून घेतली होती ती. गप्प बसला असता, तर कुणाला कळणार होतं? पण पोरीने नाव घेतलं नव्हतं, आणि तेच त्याला सोसवेना.

"थांबा जरा," म्हणत तो आत गेला. बाटली काढली, पाठमोरा उभा राहून नखाने स्टिकर खरवडायला लागला. निघालं, पण घात झाला! पत्त्याची शाईही स्टिकरच्या डिंकाला चिकटून आली. बाटलीवर नुसता पांढरा चौकोन उरला.

तशीच त्याने ती बाहेर आणून ठेवली. "ही एक हाय. घेऊन जावा. पैशे नकोत."

"अहो, होती की तुमच्याकडे!" समीक्षाने हरखून बाटली फिरवली. पांढऱ्या चौकोनापाशी ती थबकली. मग तिची नजर महिपतच्या हाताकडे गेली. स्टिकर त्याच्या अंगठ्याला चिकटलं होतं. त्याच्यावर किंमत होती आणि वर ठसठशीत, 'महिपत कार डेकोर'. तो हात झटकत होता, पण ते निघत नव्हतं.

समीक्षाने तोच नंबर पुन्हा लावला आणि फोन त्याच्यापुढे सरकवला.

"हॅलो?"

महिपत फोनवर वाकला. "आम्रपाली... मी महिपतकाका बोलतोय गो. ते स्टिकर... ताईंना सांगायला पायजे व्हतं मी, की तो मीच..."

"माहीत आहे, काका," ती म्हणाली. "मघापासून तुमचा पंखा ऐकू येतोय."