फोन चालूच राहू दे

भांडायचं म्हणूनच श्रीशैलने दुकानातल्या फोनवरून कंपनीला फोन लावला होता. इंटरनेटवरून देशात कुठेही बोला, एक पैसा लागणार नाही, असं जाहिरातीत ठळक छापलेलं होतं. आणि बिलात मिनिटामिनिटाचे पैसे लावलेले.

"मी एकाच नंबरला बोलतो बाई, माझ्या पोरीला," तो म्हणाला. "ती लातूरला हाय, अमेरिकेला न्हाई."

पलीकडची मुलगी सरावाने बोलली. "सर, दोन्ही फोन इंटरनेटवर असले तरच कॉल फुकट. समोरचा फोन नेटवर नसला, की कॉल आपोआप साध्या लाइनवर जातो आणि मिनिटाचे पैसे लागतात. हा नंबर महिनाभर नेटवर आलेलाच नाही."

"आसं कसं? तिच्या रूमवर वायफाय हाय. त्याचे पैसे मी भरून राहिलो."

"मग तुमची मुलगी रूमवर नसेल, सर."

मुलगी सहज बोलून गेली. बाहेर धर्माबादच्या आडतीवर सोयाबीनची पोती उतरत होती, हमालांचा गलका चालला होता. श्रीशैलने दुकानातला फोन ठेवून दिला.

त्याच्या दुसऱ्या कानात, मोबाइलच्या इअरफोनमधून, त्याची पोरगी अक्षरा त्या क्षणीही वाचत होती; मोबाइलवर आपल्या बाजूचा आवाज त्याने तेवढ्यापुरता बंद ठेवला होता.

डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत पहिल्या खेपेला पोरीचे मार्क कमी पडले, तेव्हा त्याने ही युक्ती काढली होती. बोलणं फुकट, मग फोन ठेवायचाच कशाला? सकाळी दुकान उघडलं की कॉल लावायचा. पोरीने लातूरच्या खोलीत मोठ्याने वाचायचं, बापाने इथे वजनकाट्यापाशी ऐकायचं. आवाज थांबला की हा खाकरायचा, की तिकडे पुन्हा सुरू. जेवायला सुट्टी, झोपायला सुट्टी, बाकी फोन चालूच. आडतीवर येईल त्याला तो हे कौतुकाने सांगे.

महानंदा, त्याची बायको, एकदाच बोलली होती, "जनावराला बी कुणी एवढं बांधून ठेवत न्हाई हो." त्याने तिला गप्प केलं होतं. आता तर महिन्याभरापूर्वी तिची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून ती जळकोटकडे खेड्यात माहेरी जाऊन बसली होती आणि श्रीशैल खानावळीच्या डब्यावर दिवस काढत होता.

त्याने मोबाइलवर आपला आवाज चालू केला आणि सूर शक्य तितका साधा ठेवला. "अक्षू, कुठं हायस?"

वाचन थांबलं. "रूमवरच की, अप्पा."

"वायफाय चालू हाय का?"

 पलीकडे कुणीतरी दबक्या आवाजात काहीतरी बोललं. शब्द कळले नाहीत, पण पोरगी एकटी नव्हती.

"हाव, चालू हाय," अक्षरा म्हणाली.

"बरं. वाच."

त्याने आपल्या बाजूचा आवाज पुन्हा बंद केला, मुनिमाला काही न सांगता गाडी काढली आणि निघाला. नांदेड मागे पडलं, लोहा गेलं. कानात पोरीचा आवाज चालूच होता, पेशी, ऊतक, रक्ताभिसरण. मध्येच रेंज जाऊन कॉल तुटला की तो गाडी कडेला घेई. पुन्हा लावला की ती उचले आणि वाचू लागे. फोन ठेवायचा त्याला धीरच होईना. पोरीपर्यंत पोचणारं तेवढंच एक उरलं होतं.

कुणीतरी पोरीला नेलंय, आणि त्यानेच तिला असं वाचत बसवलंय. बापाला संशय येऊ नये म्हणून. अहमदपूर येईपर्यंत त्याची खात्रीच पटली. त्या आवाजावर विसंबून आपण महिनाभर निवांत पोती मोजत बसलो, या विचाराने त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

लातूरच्या खोलीला कुलूप होतं. घरमालकीण कोंडाबाई खालीच धान्य निवडत बसल्या होत्या.

"अक्षरा कुठं हाय?"

"आता गं बया! ती तर कवाच गेली की. तुमाला म्हाईत न्हाई?"

"कुणाबरोबर गेली?"

"मी देवाला गेलते, दर्शनाला. घरी सून हुती. ती म्हणली, गाडी आली, सामान भरलं, किल्ली देऊन गेली. मला वाटलं तुमीच गाडी धाडली असंल."

"सून कुठं हाय?"

"बाळंतपणाला गेली, दादा. आवो, बसा. पाणी आणू का?"

तो पायरीवर बसला. इअरफोनमध्ये अक्षरा हृदयाचे चार कप्पे पाठ करत होती. पोलिसात जायला हवं, आत्ताच. पण आधी महानंदाला सांगायला हवं. काय सांगणार? तू म्हणत होतीस पोरीला जरा मोकळं सोडा, मी ऐकलं नाही, आणि आता पोरगीच हातची गेली? 

आपला कॉल तोडायची त्याला भीती वाटत होती. त्याने कोंडाबाईंचा फोन मागून घेतला, महानंदाचा नंबर दाबला आणि फोन मोकळ्या कानाला लावला.

रिंग जाऊ लागली.

अक्षराच्या आवाजामागे कुठेतरी एक फोन वाजायला लागला. ती वाचायची थांबली.

"हॅलो, कोण बोलतंय?" महानंदाने विचारलं, आणि श्रीशैलला ते दोन्ही कानांत ऐकू आलं.