हलका हात

उशीवर पाणी सांडलं. पेशंट होऊन पलंगावर पडलेल्या फूटपट्टीने मनातल्या मनात पहिली चूक मोजली.

मोठ्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाई नर्सिंगच्या शेवटच्या वर्षातून एकीलाच नोकरीवर घेणार होत्या. निवडीत उरल्या होत्या दोघी मैत्रिणी, वर्गाच्या भाषेत फूटपट्टी आणि धांदरट. पेशंटचं अंग पुसून द्यायचं, तेही एकमेकींचंच. आणि पेशंट झालेलीने शेवटी दुसरीच्या चुका सांगायच्या. फूटपट्टीची पाळी मघाशीच झाली होती. थेंब सांडला नाही की चादरीला सुरकुती पडली नाही. वर्गाने तिला हे नाव काही उगीच दिलं नव्हतं. या नोकरीपायी कित्येक दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आता पाळी धांदरटची. ती टॉवेल विसरली. आणायला धावली आणि येताना स्टुलाला अडखळली. दुसरी चूक, तिसरी चूक. नोकरी आपल्या खिशात पडली, असं मनाशी म्हणून फूटपट्टी निवांत झाली.

पाणी फार गरम नाही ना, असं धांदरटने हळूच विचारलं.

नव्हतं. कोमट पाणी मनगटावरून दंडाकडे सरकत गेलं. मग तिची टाच कुणीतरी तळहातावर उचलून घेतली, तान्ह्या बाळाची घ्यावी तशी. खिडकीचा पडदा फुगला, पुन्हा बसला. छत लांब लांब गेलं. ती लहान होती, तापाने फणफणलेली, आणि आई तिचे पाय पुसत होती. पलंग पाण्यावर अलगद तरंगत निघाला होता. कुठे जायचंय हे ठाऊक नव्हतं, आणि त्याची काळजीही नव्हती.

"बोल, काय काय चुकलं?" मेट्रनबाई वाकून विचारत होत्या.

फूटपट्टीने डोळे उघडले. तीन चुका जिभेवर तयार होत्या. सांगितल्या की काम फत्ते. पण तिला एकदम रडूच आलं.

"मला झोप लागली होती, बाई."

मेट्रनबाईंनी दोघींकडे नीट पाहिलं आणि धांदरटला एक तारखेपासून कामावर यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर फूटपट्टीने तिला विचारलं, एवढी घाबरली होतीस, मग हात इतका हलका कसा?

"तुला दुखेल म्हणूनच तर घाबरले होते गं."

मघाशी हिचं अंग पुसताना फूटपट्टीही घाबरली होती. आपलं काही चुकेल म्हणून.