सतराचा पाढा

“एकही बाहेरचा नाही, साहेब! शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळे आपल्याच धर्माचे!” अध्यक्षांनी छाती फुगवून सांगितलं आणि तपासणी अधिकाऱ्याचं पेन थांबलं.

“पुन्हा सांगा.”

अध्यक्षांनी पुन्हा सांगितलं. जरा मोठ्यानंच.

पाळणाघराचे चौदा कर्मचारी भिंतीला लागून उभे होते. शेवटून दुसरी ती. खांद्यावर ओलं दुपटं, एक कान शेजारच्या खोलीकडे. तिथे साठ मुलं झोपली होती आणि त्यांत तिची बबडी. सकाळी पोरीचं कपाळ कोमट लागलं होतं. की आपलेच हात गार होते? तिनं चारदा हात लावून पाहिला होता.

“पगार सरकारी अनुदानातून देता,” अधिकारी म्हणाले. “अट वाचलीत ना? नोकरी देताना धर्म बघायचा नाही. आणि तुम्ही तर पेढे वाटल्यासारखं सांगताय!”

“अहो, पण संस्था श्रद्धेवर उभी आहे. नुसत्या पगारी माणसांनी असं काम होत नाही.” अध्यक्षांची छाती आता जागेवर आली होती.

“मग पगारही श्रद्धेतूनच द्या. एक जरी बाहेरचा असता, तर नुसता खुलासा मागितला असता. आता अनुदान बंद करा, असंच लिहावं लागेल.”

अनुदान बंद म्हणजे पाळणाघर बंद. नोकरीही जाणार, बबडीची जागाही. आणि बाहेरची तर ती होती!

दोन वर्षांपूर्वी फॉर्मवर ‘धर्म’ या शब्दापुढे तिनं सरळ थाप मारली होती. बबडी सहा महिन्यांची, नवरा घरी बसलेला. थाप एकदाच मारायची होती, निभावायची मात्र रोज होती. रोज सकाळी सगळे डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत. दुसऱ्याच्या देवाशी खोटं बोलणं तिच्या जिवावर येई. म्हणून ती पाढे पुटपुटायची. सतराचा पाढा सावकाश तीनदा म्हटला की प्रार्थना संपायची. मोठ्या बाई रांगेमागून फिरत असत. त्यांची पावलं जवळ आली की तिचा आवाज आणखी खाली जाई. बाईंचे कान भारी तिखट. स्वयंपाकीणबाई म्हणायच्या, “बाळाला भूक लागली हे बाळाच्या आधी बाईंना ऐकू येतं.”

आता बोलावं? फॉर्म खोटा म्हणून आजच घरी बसवतील. गप्प राहावं? मग साठ मुलं घरी बसतील.

“साहेब, एक सुचवू?” मोठ्या बाई पुढे झाल्या. “सगळ्यांनी प्रार्थनेसारखे डोळे मिटायचे. बाहेरचा असेल त्यानं हात वर करायचा. बघणार फक्त तुम्ही.”

“काहीतरीच काय, बाई! कोण करणार हात वर?” अध्यक्ष ओरडले.

“मग मिटायला काय हरकत आहे? तुम्हीसुद्धा मिटा.”

अधिकाऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला. “नाव लिहिणार नाही. आकडा लिहीन. मिटा डोळे.”

अंधार. सवयीनं ओठ हलू लागले. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. पलीकडे एक मूल खोकलं. बबडी? नाही, बबडी नाही. सतरा पंचे पंच्याऐंशी. हात शिशाचा झाला होता. सतरा सक एकशे दोन. सतरा सत्ते एकशे सतरा... आणि हात वर गेला. आपोआप नाही, तिनं नेला. तेवढ्यात उजवीकडे बांगड्या वाजल्या. डावीकडे कुणीतरी घसा खाकरला.

“हात खाली. उघडा डोळे.” अधिकाऱ्यानं खसकन कागदावर आकडा लिहिला. “चार!”

“चार?” अध्यक्षांनी आ वासला. “कोण चार?”

“ते मी पाहिलंच नाही. अनुदान तूर्त चालू. फॉर्मवरचा तो रकाना उद्यापासून काढा. आणि कुणाला हुडकून काढलंत, तर मी परत आलोच म्हणून समजा.”

एकदम गलका झाला. शिपायानं टाळी वाजवली, त्यानं मुलं उठली, साठ गळे एका वेळी सुरू झाले. सगळे हसत एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. चौघं कोण? स्वयंपाकीणबाई बांगड्या नको तितक्या नीट करत होत्या. तिला हसू आवरेना, रडूही आवरेना.

मोठ्या बाई बबडीला कडेवर घेऊन आल्या. “ताप नाही गं हिला. पांघरुणं दोन घातलीस, म्हणून तापली.”

तिनं पोरीला छातीशी धरलं. बाई जायला वळल्या, थांबल्या आणि तिच्या कानाशी वाकल्या.

“आणि सतरा सत्ते एकशे एकोणीस. दोन वर्षं ऐकतेय, रोज चुकतेस.”