बासष्ट किलोचा ऐवज

जिममध्ये सगळे वजन उतरवायला येत. आई मात्र बाबांना उचलता यावं म्हणून येई. अपघातानंतर वर्षभर ते पलंगावरच होते. खुर्चीत बसवायला रोज शेजारचे दोघे लागत. "माणसाला दांडा नसतो," म्हणत ट्रेनरताईने तिला लोखंडी दांड्याऐवजी वाळूची सैल गोणी कवटाळून उचलायला लावली. तब्बल चार महिने! आज घरी ट्रेनरताईसमोर खरी परीक्षा होती. लेकीने चाकांच्या खुर्चीचा ब्रेक लावला. "जपून हं, बासष्ट किलोचा ऐवज आहे," बाबा हसले. "गप्प बसा आणि मिठी मारा." आईने गुडघे वाकवले, दात आवळले आणि बाबा उठले. चक्क उभे! बाबा वरून आईकडे बघतच राहिले. "अगं, तू माझ्यापेक्षा बुटकी आहेस, विसरलोच होतो!"