टोकाला टोक

सकाळी सातला अभिमन्यू युसूफ वडगावात पोचला, तेव्हा घराला कुलूप होतं. आईचं काही खरं नाही, असा बापाचा गावातल्या एसटीडीवरून फोन आला होता. पण पुण्याच्या प्रयोगशाळेत तो प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या वळवून कड्या करत होता. एकाच साखळीची दोन टोकं जुळवायची तर द्रावण थेंबाथेंबानं सोडावं लागतं. घाई केली की टोक भलत्याच साखळीला चिकटतं. तो आठवडाभर थांबला. टोकं जुळली.

"कावून इतका उशीर केला रं?" शेजारच्या नीलाबाई म्हणाल्या. "टोळी ऊस तोडायला गेली. मुकादम कुणासाठी थांबतोय? बापानं तुझ्या आईला बाजंसकट ट्रकात ठिवलं."

"कोणत्या कारखान्यावर?"

"ते मुकादमालाच माहीत."

तो वाटेत विचारत निघाला. मांजरसुंब्याच्या ढाबेवाल्याला ट्रक आठवला. कुठं गेला, ते सांगता आलं नाही. बाज मात्र ढाब्यामागं उतरवलेली होती, रिकामी.