चोपड्याहून येणारा डबा

रक्तशुद्धी केंद्रातल्या तडवीताईंनी यंत्राचा पडदा हेमांगीकडे वळवला. तिच्या शरीरात मुरलेलं प्लॅस्टिक कुठल्या वस्तूतून आणि कधी आलं, ते त्यावर ओळीने दिसत होतं.

"खेळणी, पाण्याच्या बाटल्या, हे सगळ्यांच्याच अंगात सापडतं. पण हा जाड थर श्रीखंडाच्या डब्यांचा आहे. त्यात गरम, तेलकट काही भरायचात का?"

"शेवभाजी," हेमांगी म्हणाली. "मी जळगावला कॉलेजात होते. आई चोपड्याहून रोज सकाळच्या एसटीने डबा पाठवायची. स्टीलचे डबे परत जाईनात, म्हणून मग श्रीखंडाचे रिकामे डबे. मला गरम मिळावी म्हणून रस्सा उकळताच ओतायची."

"तीन वर्षं रोज. आणि इथे मार्चमध्ये एकदम थांबलंय. डबा बदललात?"

"नाही. आई गेली."

तडवीताईंनी पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला.

"बाळ हवंय ना तुम्हाला? मग हे ठेवून चालणार नाही, ताई. तुमच्यातून त्याच्या अंगात उतरेल."

हेमांगीने मान डोलावली. तशी शेवभाजी तिला स्वतःला कधी जमली नव्हती, आणि आता तर तिची चवही नीट आठवत नव्हती. आईने हाताने भरून दिलेल्यातलं अंगात मुरलेलं हे प्लॅस्टिकच काय ते उरलं होतं.

तिने बाही वर सारली आणि हात पुढे केला.

"काढा," ती म्हणाली. "पण डब्यांचं सगळ्यात शेवटी."